चांदीच्या धावा

आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. माझ्या आबांच्या पणजोबांच्या बंडीला चांदीच्या धावा होत्या. ज्यांनी बैलगाडी फक्त लग्नाच्या फोटोशूटमध्ये पाहिली असेल त्यांच्यासाठी सांगते: लाकडी चाकाच्या कडेवर लोहार लोखंडी कडं लालभडक तापवून ठोकून बसवतो आणि वरून पाणी ओततो, ती धाव. चाक झिजू नये म्हणून. आमच्या पूर्वजाने म्हणे ती चांदीची केली.

आबा हे सांगताना आवाज खाली आणायचे. "त्या सालात कापसाले असा भाव आला, असा भाव आला, का पैशाचं करावं काय हेच कोणाले समजे ना." मग धावा केल्या. मग भाव पडला. मग धावा वितळवल्या. गोष्टीचा ऐवज एवढाच. साल कोणतं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अमेरिकेत लढाई लागली होती तवाचं." हिंगणघाटजवळच्या आमच्या खेड्यात अमेरिका हा शब्द कित्येक वर्षं त्या एका गोष्टीपुरताच वापरात होता.

बाबांचा या गोष्टीवर कधीच विश्वास नव्हता. त्यांची शंका शेतकऱ्याची. "चांदी मऊ राह्यते. वणा नदीच्या घाटातून एक खेप केली का धाव चपटी. असं कोण करन?" पुढे कॉलेजात असताना मला कळलं की नागपूर भागातल्या शेतकऱ्यांनी कापसाच्या तेजीत चांदीचे फाळ आणि चांदीच्या धावा केल्याचं त्या काळच्या इंग्रजांनीही लिहून ठेवलं आहे. मी मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "इंग्रजाले कोणीतरी आबासारख्यानंच सांगतलं असन."

आता मी लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजला राहते. गेल्या ऑक्टोबरात बाबा आले. आठ दिवसांत त्यांनी मॉल, चर्च, विद्यापीठातल्या पिंजऱ्यातला वाघ आणि माझा फ्रीज असं सगळं पाहून घेतलं आणि नवव्या दिवशी सकाळी खिडकीशी उभं राहून म्हणाले, "इथं शेती कुठं करते वं लोक?" तेव्हा मला नॅचेझ आठवलं. हायवे ६१ ने उत्तरेला गेलं की दोन तासांच्या आत. मिसिसिपी नदीच्या काठचं, साडेचौदा हजार वस्तीचं गाव. आपल्याकडचा एखादा तालुका याच्या चौपट असतो. मी तिथे आधी दोनदा गेले होते, मैत्रिणींबरोबर, जुन्या हवेल्या बघायला. बाबांबरोबर गेले तेव्हा ते गाव पहिल्यांदा पाहिलं असं म्हणायला हरकत नाही.

नॅचेझ उंचावर आहे. नदीच्या पूर्वेच्या अंगाला सुमारे दोनशे फुटांचा कडा, आणि त्या कड्यावर गाव. हा कडा दगडाचा नाही, मातीचा आहे. हिमयुगाच्या शेवटी वाऱ्याने उडवून आणलेली बारीक पिवळसर माती इथे थरावर थर साचली. बाबांनी कठड्याखालची चिमूटभर माती बोटांत चोळली आणि सांगितलं, "भुसभुशीत आहे. पाणी धरणार नाही, उभी कापली तं उभीच राहीन." भूगर्भशास्त्राच्या फलकावर हेच चार परिच्छेदांत लिहिलं होतं. समोर नदी, अर्ध्या मैलाहून रुंद, चहाच्या रंगाची. पलीकडे विडालिया हे गाव आणि त्यामागे क्षितिजापर्यंत सपाट, काळी, पुराच्या गाळाची जमीन. मालक उंचावर राहायचे, कापूस पलीकडे पिकायचा. गावाचा निम्मा इतिहास त्या कठड्याशी उभं राहिलं तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

गावाला नाव मिळालं ते इथल्या मूळ लोकांचं. नॅचेझ हे सूर्यपूजक, मातीचे प्रचंड चौथरे बांधणारे लोक. त्यांचा प्रमुख 'महासूर्य', आणि त्याची गादी मुलाकडे जायची नाही, बहिणीच्या मुलाकडे जायची. १७१६ मध्ये फ्रेंचांनी इथे किल्ला बांधला. तंबाखूचे मळे सुरू झाले. १७२९ मध्ये किल्ल्याच्या अधिकाऱ्याला नॅचेझांचं एक अख्खं गाव मळ्यासाठी हवंसं वाटलं आणि त्याने ते खाली करायला सांगितलं. त्या २८ नोव्हेंबरला नॅचेझ लोक शिकारीला जायचं म्हणून फ्रेंचांकडूनच बंदुका उसन्या मागून घेऊन आले आणि दोनशेहून जास्त माणसं मारली. फ्रेंचांनी दोन वर्षांत सूड पुरा केला. शेकडो नॅचेझ पकडून आजच्या हैतीत गुलाम म्हणून विकले, महासूर्यासकट. उरलेले दुसऱ्या जमातींत विरून गेले. गावाच्या पाटीवर नाव मात्र त्यांचंच.

नंतर इंग्रज आले, स्पॅनिश आले, आणि १७९८ मध्ये अमेरिका आली. या सत्तांतरांची तपशीलवार माहिती देणारे फलक गावात पावलोपावली आहेत. बाबांनी तिसऱ्या फलकानंतर वाचून घेणं बंद केलं. मलाही ती झेंड्यांची यादी कधी पकडत नाही. मला पकडतं ते हे की तंबाखू बसला, निळीला किडीने खाल्लं, आणि नेमकं त्याच सुमाराला, १७९३ मध्ये, सरकी काढायचं नवं यंत्र निघालं. बस, तिथून पुढे सत्तर वर्षं या गावात दुसरा विषयच नव्हता.

बाबांसाठी म्हणून मी आधी पूल ओलांडून पलीकडे गेले. विडालियाच्या पुढे दहा-पंधरा मैलांवर शेतं लागली. पानं झडवायचं औषध मारून ठेवलेलं, त्यामुळे शेतात पान म्हणून नाही, नुसत्या काड्या आणि पांढरंशुभ्र. एका टोकाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापसाच्या गोल गठड्या, प्रत्येक गठडी आमच्या गोठ्याएवढी. माणूस एकही नाही. बाबा बांधाशी उभे राहिले. बांध कसला, रस्त्याची कडच. एक बोंड हातात धरलं, तोडलं नाही, पाचही पाकळ्या उलगडून पाहिल्या, कापूस किंचित ओढून धागा लांबवला, सरकी चाचपली.

"ही तं आपलीच पऱ्हाटी," ते म्हणाले.

उलटं आहे, बाबा. आपली पऱ्हाटी ही इथली.

आणि मग मी त्यांना वॉल्टर बर्लिंगची गोष्ट सांगितली. नॅचेझचा हा माणूस १८०६ मध्ये मेक्सिकोला गेला होता. तिथला कापूस त्याला आवडला, पण बियाणं देशाबाहेर न्यायला बंदी. बाहुल्या न्यायला मात्र बंदी नव्हती. त्याने म्हणे सरकी भरलेल्या बाहुल्या आणल्या. बाहुल्यांची गोष्ट आमच्या धावांच्या जातीची आहे, पण मेक्सिकोचं बियाणं इथे आलं हे खरं. नॅचेझच्या वरच्या अंगाला रॉडनी नावाचं बंदर होतं, तिथे रश नट या डॉक्टरने त्या बियाण्यापासून 'पेटिट गल्फ' नावाचं वाण तयार केलं. रोगाला दाद न देणारं, आणि बोंड असं मोकळं उघडणारं की कापूस सरळ हातात यावा. पुढे १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा कापूस-मळेवाले हिंदुस्थानात आणवले. त्यांनी आमच्या लोकांना कापूस शिकवावा अशी कल्पना. शिकवणीचा फज्जा उडाला, पण अमेरिकी बियाणं धारवाडच्या बाजूला रुजलं. आज विदर्भात जे बीटी वाण उभं असतं ते जवळजवळ सगळं याच अमेरिकी जातीचं. आमच्या गावाचं नाव ज्या देशी कापसामुळे मुंबईच्या बाजारात चालायचं, तो 'हिंगणघाट' कापूस आता शोधावा लागतो.

बाबांना बियाण्याच्या गोष्टीपेक्षा मोकळ्या बोंडात रस होता. "वेचायले सोपं जात असन मंग. एक बाई दिवसाची किती वेचे?"

मी सांगितलं की बायका, पुरुष, पोरं सगळेच वेचायचे आणि चांगल्या वेचणाऱ्याकडून दीडशे-दोनशे पौंडांची अपेक्षा असायची. संध्याकाळी काट्यावर वजन व्हायचं. कमी भरलं तर चाबूक.

बाबा मनात किलो करत होते. आमच्याकडे वेचणीचा भाव हा दर वर्षीचा तंटा आहे. ऑक्टोबर आला की बाया किलोमागे एक रुपया वाढवून मागतात, बाबा आठ आणे म्हणतात, दोन दिवस बोलाचाली, तिसऱ्या दिवशी कुठेतरी मध्ये तोडगा. लहानपणापासून हे पाहत आले आहे. चांगली बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचते, आणि रात्री तिची बोटं बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेली असतात.

"नव्वद किलो," बाबा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

परत गावात आलो आणि मेलरोज नावाची हवेली पाहिली. ती आता राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ताब्यात आहे. १८४०च्या दशकात एका वकिलाने बांधलेली, वकील अर्थात कापसावर श्रीमंत झालेला. खांब, झुंबरं, रेशमी पडदे. हे सगळं बाबांनी हात मागे बांधून, लग्नघरात अनोळखी माणूस फिरतो तसं पाहिलं. जेवणघरात मात्र थबकले. टेबलाच्या वर छताला महोगनीची एक मोठी फळी टांगली होती, खाली कमानदार, नक्षीची, आणि तिला दोरी.

"हा तं पंखा होय."

मार्गदर्शक बाईंनी ते ऐकलं आणि खूश होऊन म्हणाल्या, बरोबर, आम्ही याला 'पंखा'च म्हणतो. तो शब्दही इंग्रजांच्या हिंदुस्थानातूनच इंग्रजीत आला. बाबांच्या चेहऱ्यावर आधी अभिमान आणि मग दुसराच प्रश्न उमटला. दोरी कोण ओढायचं? एखादा गुलाम, पुष्कळदा लहान मुलगा, कोपऱ्यात उभा राहून, जेवण संपेपर्यंत. मेणबत्त्या विझता कामा नयेत आणि माशी बसता कामा नये, एवढ्याच वेगाने. बाबांच्या लहानपणी वर्ध्याच्या कचेरीत पंखेवाल्याचं आढं अजून शाबूत होतं, असं ते गाडीत बसल्यावर सांगू लागले. या मळेवाल्यांना त्यांच्या काळी 'नॅचेझचे नेबॉब' म्हणत. नेबॉब म्हणजे आपला नवाब. म्हणजे गावाच्या श्रीमंतीला जेव्हा शब्द हवे होते तेव्हा त्यांनी ते आपल्याकडून नेले.

त्या दिवशी आम्ही आणखी एक हवेली पाहिली, तिचं नाव घेत नाही. तिथल्या बाई तासभर बोलल्या आणि त्या तासात 'गुलाम' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. 'सेवक' म्हणाल्या, 'घरातली मंडळी' म्हणाल्या. मला राग आला, पण फार नाही आला, कारण आमच्या वाड्याविषयी सांगताना आम्हीही 'गडीमाणसं' म्हणतो आणि सालदाराने उचल फेडता फेडता किती वर्षं काढली ते सांगत नाही.

गावातल्या स्टेट स्ट्रीटवर विटांचं एक साधं घर आहे. इथे विल्यम जॉन्सन राहायचा. १८०९ चा जन्म, गुलाम म्हणून. अकराव्या वर्षी सुटका झाली, न्हाव्याचं काम शिकला, पुढे गावात तीन दुकानं काढली. सोळा वर्षं त्याने रोजनिशी लिहिली. मला या गावातलं सगळ्यात जिवंत माणूस तोच वाटतो. गोऱ्यांच्या दाढ्या करता करता ऐकलेलं सगळं त्यात आहे: कोणाचं दिवाळं निघालं, कोणाचं द्वंद्वयुद्ध झालं, घोडा कोणता जिंकला, मासे किती लागले, उसने कोणाला दिले. १८४० च्या ७ मे रोजी गावावर चक्रीवादळ आलं आणि ३१७ माणसं गेली, बहुतेक नदीवरच्या होड्यांमधली. मळ्यांवरचे गुलाम किती गेले ते कोणी मोजलं नाही. अशा गावात एक काळा माणूस रोज रात्री दिव्याखाली बसून दिवसाचा हिशेब लिहीत होता.

आणि या माणसाने स्वतः गुलाम बाळगले. हे वाचताना अडखळायला होतं. त्याच्याकडे स्टीव्हन नावाचा एक गुलाम होता, दारू प्यायचा, पळून जायचा. जॉन्सनने त्याला मारलं, समजावलं, शेवटी १८४३ च्या अगदी शेवटच्या दिवशी विकून टाकलं. त्या दिवशीच्या नोंदीत तो लिहितो की डोळ्यांत पाणी आलं. विकलं पण, आणि रडलाही. मी ती नोंद अनेकदा वाचली आहे. तिचं काय करावं हे मला अजून उमगलेलं नाही. १८५१ मध्ये जमिनीच्या हद्दीवरून एका शेजाऱ्याने जॉन्सनला गोळी घातली. साक्षीदार होते, पण ते काळे, आणि काळ्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे. शेजाऱ्याने आपण गोरा असल्याचा दावा केला. तो सुटला. "धुऱ्यावरून खून," बाबा म्हणाले. हा एकच प्रसंग त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

दुपारी आम्ही लाँगवूडला गेलो. अमेरिकेतलं हे सगळ्यात मोठं अष्टकोनी घर म्हणतात. आधी ज्याचं वाण सांगितलं त्या डॉ. नट यांचा मुलगा हॅलर नट याने १८६० मध्ये काम सुरू केलं. त्याच्या मालकीचे सुमारे ८०० गुलाम. फिलाडेल्फियाहून वास्तुविशारद आणला, तिकडूनच सुतार-गवंडी आणले. सहा मजली उंच, वर कांद्याच्या आकाराचा घुमट. दुरून झाडांमधून तो घुमट दिसला तेव्हा बाबा म्हणाले, "मशीद आहे का?" नकाशावर वास्तुविशारदाने लिहिलं होतं 'पौर्वात्य व्हिला', तेव्हा बाबांचं फार चुकलं नाही.

तळमजला नीट सजवलेला आहे. तिथून जिना चढून वर गेलं की एकदम उघडं पडतं. विटांच्या कच्च्या भिंती, वरपर्यंत पोकळ, लाकडी परांच्या, कोपऱ्यात रंगाचे डबे, खोकी, सुतारांची हत्यारं. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण अशी लढाई लागली आणि उत्तरेतले कारागीर हातातली हत्यारं टाकून घरी निघून गेले. बत्तीसपैकी फक्त तळाच्या नऊ खोल्या पुऱ्या झाल्या, त्याही मळ्यावरच्या गुलाम कारागिरांच्या हातून. नट १८६४ मध्ये न्यूमोनियाने गेला. त्याची बायको पोरांना घेऊन त्या नऊ खोल्यांत राहत राहिली, डोक्यावर ते पाच मजली पोकळ घर घेऊन.

मी त्या पोकळीखाली मान वर करून उभी होते आणि तेव्हा माझ्या डोक्यात दोन तारखा जुळल्या.

१८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं बंद केली. इथला कापूस इथेच अडकला. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि त्यांचा बहुतेक कापूस या दक्षिणेतूनच जायचा. लिव्हरपूलला भाव चौपट झाला. मग त्यांची नजर वळली मुंबईकडे. आपला कापूस आखूड धाग्याचा, कचऱ्याचा, तिकडे त्याला सरसकट 'सुरत' म्हणून नावं ठेवायचे. गिरणीतल्या प्रार्थनेत कोणी म्हणालं, देवा, कापूस पाठव, तर मागून आवाज आला म्हणे, पण सुरत नको. तरीही घेतला. मुंबईत पैशाचा पूर आला, बँका आणि कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या, बॅकबेचा समुद्र बुजवायच्या कंपनीच्या शेअरवर माणसं वेडी झाली. प्रेमचंद रायचंद हे त्या वेडाचं सगळ्यात मोठं नाव. आणि नागपूरपर्यंत तेव्हा रेल्वे नव्हती, ती १८६७ मध्ये आली. म्हणजे तो सगळा कापूस बंड्यांवरून गेला. बैलांनी ओढला. लोखंडी धावांवर, आणि आबा म्हणायचे त्याप्रमाणे एखाद्या चांदीच्या.

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेने शस्त्रं खाली ठेवली. जुलैपर्यंत मुंबईत दिवाळी उलटून शिमगा झाला होता. आमच्या धावा वितळल्या त्या त्याच साली.

या घराचं काम थांबलं म्हणून आमच्या घरी चांदी आली. मी बाबांना हे सांगितलं. ते बराच वेळ वर पाहत होते. मग म्हणाले, "आन ते आठशे लोक? ते कुठं गेले लढाई सरल्यावर?"

नॅचेझने लढाई जवळजवळ केलीच नाही. १८६२ मध्ये आरमार समोर आल्यावर गाव शरण गेलं, आणि १८६३ च्या जुलैत नदीवरचं व्हिक्सबर्ग शहर पडल्यावर दहा दिवसांच्या आत उत्तरेची फौज इथे येऊन बसली. हवेल्या शाबूत राहिल्या त्या म्हणून. फौज आली तशी आजूबाजूच्या मळ्यांवरून हजारो गुलाम चालत इथे आले, कड्याखाली नदीकाठी छावणी पडली. त्या हिवाळ्यात रोगराईने खूप माणसं मेली. जी जगली त्यांतले पुष्कळ पुरुष उत्तरेच्या फौजेत शिपाई झाले. १८७० मध्ये याच गावचा पाद्री हायरम रेव्हल्स अमेरिकेच्या सिनेटमधला पहिला काळा सदस्य झाला. जॉन लिंच, नदीपलीकडच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मलेला, गावात फोटोच्या स्टुडिओत काम करणारा पोरगा, पंचविशीत काँग्रेसवर निवडून गेला. दहा-बारा वर्षं असं वाटलं असेल की आता पान उलटलं. मग ते पुन्हा मागे उलटवलं गेलं.

विसाव्या शतकाकडे मी भरभर जाते, कारण ते फलकांवर भरपूर आहे. बोंडातला भुंगा आला आणि कापूस बसला. १९३२ पासून बागकाम मंडळाच्या बायकांनी हवेल्या पर्यटकांना उघडल्या, घेरदार झगे घालून, आणि गाव आपल्या भूतकाळावर जगायला लागलं. १९४० च्या एप्रिलमध्ये ऱ्हिदम क्लबला आग लागली. काळ्या लोकांचं नाचगाणं चालू होतं, छताला शोभेला शेवाळाच्या झालरी, डास येऊ नयेत म्हणून कीटकनाशक मारलेलं, फुकटे आत शिरू नयेत म्हणून खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दार एकच. २०९ माणसं गेली.

एका गोष्टीपाशी मात्र बाबा अडले, म्हणून मीही. गावात टायरचा कारखाना होता. १९६७ मध्ये तिथल्या व्हार्लेस्ट जॅक्सन या काळ्या कामगाराला बढती मिळाली, तोवर फक्त गोऱ्यांना मिळणाऱ्या जागेवर. तासाला सतरा सेंटची वाढ. फेब्रुवारीच्या २७ तारखेला कामावरून घरी जाताना त्याच्या गाडीत बॉम्ब फुटला. पाच मुलांचा बाप. आजवर कोणावरही खटला उभा राहिलेला नाही.

"टायर म्हणजे धावच की वं," बाबा म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना गावाच्या पूर्वेच्या तिठ्यावर नेलं. 'फोर्क्स ऑफ द रोड.' तिथे आता वाहनांची वर्दळ आहे, टायर-मफलरची दुकानं आहेत आणि गवताचा एक तुकडा आहे. न्यू ऑर्लिन्सखालोखाल दक्षिणेतला सगळ्यात मोठा गुलामांचा बाजार या तुकड्यावर भरायचा. आधी तो गावातच होता. १८३३ मध्ये कॉलऱ्याने मेलेले गुलाम एका व्यापाऱ्याने घळीत टाकून दिल्याचं उघड झालं, गाव खवळलं, आणि व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर काढलं. धंदा बंद केला नाही, हद्दीबाहेर काढला. व्हर्जिनियापासून हजार मैल साखळीने बांधून चालवत आणायचे, इथे पोचल्यावर चार दिवस चांगलं खाऊ घालायचे, नवे कपडे द्यायचे, आणि ओळीने उभं करायचे. लिलाव नसायचा. गिऱ्हाईक यायचं, दात पाहायचं, बोटं पाहायचं, चालवून पाहायचं, मग भाव व्हायचा.

"बैलबाजार," बाबा म्हणाले. त्यांनी हिंगणघाटच्या बाजारात पन्नास वर्षं बैलांचे दात पाहिले आहेत.

त्या गवतात एक सिमेंटचा ओटा आहे आणि त्यात लोखंडी बेड्या अर्धवट रुतवलेल्या आहेत. गंजलेल्या, पण धड. बाबा उकिडवे बसले. धावेचं कडं तपासताना लोहाराकडे जसे बसायचे तसे. अंगठ्याने लोखंडाची जाडी पाहिली. बराच वेळ. मी त्यांना उठायला सांगितलं नाही.

रात्री परतण्याआधी कड्याखाली गेलो. एके काळी इथे जुगाराचे अड्डे, दारूची दुकानं, खालून वरून येणाऱ्या सगळ्या होडीवाल्यांची वस्ती होती. नदीने बहुतेक सगळं खाल्लं, एक रस्ता आणि घरांची एक रांग उरली आहे. आम्ही पायरीवर बसलो. साडेसहा वाजले होते, म्हणजे घरी पहाटेचे पाच. काका उठलेलाच असतो. बाबांनी फोन लावला आणि अमेरिकेहून बोलताना माणसं ओरडतात तसे ओरडून बोलू लागले. नदी मोठी आहे म्हणाले, पण पाणी आपल्या वणेसारखंच गढूळ. मग सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झालं का विचारलं. झालं होतं. वेचणीला बाया आल्या होत्या, पण भावावर अडलं होतं. काका पलीकडून तावातावाने काहीतरी सांगत होता. या वर्षी दीड रुपया वाढवून मागतात म्हणत होता, तूच बोल त्यांच्याशी म्हणत होता.

बाबा नदीकडे पाहत ऐकत होते.

"दे," ते म्हणाले. "मागते तेवढे दे."